दम्याच्या रिसर्चमधलं बायोइन्फॉर्मेटिक्स: इंदूरहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरचीच, शाळा-कॉलेज सगळं इथलं, आणि आता बरीच वर्षं दम्याच्या रिसर्चमध्ये बायोइन्फॉर्मेटिक्स सायंटिस्ट म्हणून काम करतेय. होळकर कॉलेजची, डीएव्हीव्हीची (देवी अहिल्या विद्यापीठाची) मुलं-मुली करिअरचं विचारतात, त्यांचे आईबाबा पगाराचं विचारतात, आणि टिळकनगर, लोकमान्यनगरच्या काकू-मावश्या घरातल्या पेशंटबद्दल विचारतात. फोनवर घाईघाईत नीट सांगता येत नाही म्हणून इथे सविस्तर लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही, तेव्हा औषधाचा निर्णय तुमच्या छातीच्या डॉक्टरांचाच.

तुम्ही नक्की करता काय? लॅबमध्ये पांढरा कोट घालून टेस्ट ट्यूब वगैरे?

नाही, मी कॉम्प्युटरवर काम करते, पण सुरुवात होते ती पेशंटपासूनच. ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत बारीक दुर्बीण घालून तपासणी, करताना डॉक्टर श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावरून बारीक ब्रश फिरवून थोड्या पेशी काढतात, कधी नाकातून ब्रश घेतात, कधी मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढायला लावतात, कधी नुसतं रक्त घेतात. त्यातून आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जीनच्या नकला, काढून सिक्वेन्सरवर, म्हणजे त्यांची अक्षरं वाचणाऱ्या मशीनवर, चालवतात आणि मग फाइल माझ्याकडे येते. एका सॅम्पलमागे साधारण दोन-तीन कोटी छोटे तुकडे, प्रत्येक तुकडा शंभर-दीडशे अक्षरांचा, आणि अक्षरं चारच, ए, सी, जी, टी. हे तुकडे माणसाच्या जीनोमवर, म्हणजे संपूर्ण डीएनएवर, कुठे बसतात ते शोधायचं, कुठल्या जीनचे किती आले ते मोजायचं, की मग एक भलंमोठं टेबल तयार होतं, वीसेक हजार ओळी म्हणजे वीसेक हजार जीन आणि एकेका माणसाचा एकेक कॉलम.

इथपर्यंतचं काम आता बरंचसं ऑटोमॅटिक झालंय. खरी मेहनत पुढे. कुठला जीन दम्याच्या पेशंटमध्ये जास्त चालू आहे, कुठला कमी, आणि हा फरक दम्यामुळेच आहे की दुसऱ्याच कशामुळे तरी दिसतोय, हे शोधायचं असतं आणि माझा निम्मा वेळ त्या शेवटच्या प्रश्नात जातो.

दुसऱ्याच कशामुळे म्हणजे? एखादं उदाहरण द्या ना.

समजा तुम्ही दम्याचे पेशंट आणि निरोगी माणसं यांची तुलना केली आणि सगळ्यात वर एफकेबीपी५, पीईआर१, टीएससी२२डी३ हे जीन आले. नवीन माणूस खूश होतो, दम्याचे जीन सापडले म्हणून. पण हे तिन्ही जीन स्टिरॉइड मिळालं की वर जातात. म्हणजे तुम्हाला दमा दिसलेलाच नाही, पेशंट रोज जो पंप घेतोय त्यातलं औषध दिसलं! निरोगी लोक पंप घेत नाहीत, त्यामुळे दोन गटांतला सगळ्यात ठळक फरक औषधाचाच निघू शकतो. म्हणून कोण किती डोस घेतंय, शेवटचा डोस कधी घेतला, ही माहिती मला सिक्वेन्सिंगइतकीच महत्त्वाची वाटते आणि ती नसली की मी मागे लागून मागून घेते.

रक्ताच्या सॅम्पलमध्ये वेगळीच भानगड असते. दम्याच्या कित्येक पेशंटच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात, तर त्या पेशींचे जीन आपोआप वर दिसतात. प्रत्यक्षात कुठलाच जीन जास्त जोरात चालत नसतो, फक्त त्या पेशींची संख्या वाढलेली असते. या दोन्हींत फरक करता आला पाहिजे, नाहीतर पेपर छापून येईल पण पेशंटला त्याचा काडीचा उपयोग होणार नाही.

रोजचा दिवस कसा असतो?

सकाळी रात्रभर क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या मोठ्या कॉम्प्युटरांवर, चाललेले जॉब बघायचे, कुठले पडले, का पडले. मग क्वालिटी रिपोर्ट. आणि नवीन डेटा आला असेल तर माझा पहिला उद्योग ठरलेला, स्त्री-पुरुष तपासणी. झिस्ट नावाचा एक जीन आहे, तो बायकांच्या पेशींमध्ये भरपूर चालू असतो, आणि आरपीएस४वाय१ हा वाय क्रोमोसोमवरचा, म्हणजे पुरुषांमध्येच. दोन्हींचा एक साधा ग्राफ काढायचा, एकीकडे बायकांचा पुंजका, दुसरीकडे पुरुषांचा. आता यादीत ज्याच्यापुढे पुरुष, वय ५२ असं लिहिलंय तो ठिपका बायकांच्या पुंजक्यात जाऊन बसला असेल तर कुठेतरी ट्यूब बदललीय किंवा लेबल चुकलंय. जोपर्यंत ते सुटत नाही तोपर्यंत पुढे जायचं नाही, कारण एक अदलाबदल दिसली म्हणजे न दिसलेली दुसरीही असू शकते, दोन बायकांची आपसात झालेली अदलाबदल या ग्राफमध्ये कळतच नाही. त्यासाठी मग डीएनएमधल्या बदलांवरून ओळख जुळवून बघावी लागते.

एक्सेलबद्दल पण सांगून टाकते. सेप्ट१, मार्च१ अशी जीनची नावं एक्सेलमध्ये टाकली की त्यांची तारीख व्हायची, १ सप्टेंबर, १ मार्च. इतक्या पेपरांच्या टेबलमध्ये हा घोळ झाला की शेवटी २०२० मध्ये जीनची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली, सेप्टिन१ आणि मार्चएफ१ केली. जुन्या फाइली अजून फिरतायत, तेव्हा बघून घ्या.

दुपारनंतर मीटिंगा असतात डॉक्टरांशी, वेट लॅबवाल्यांशी (प्रत्यक्ष सॅम्पलवर काम करणाऱ्यांशी), स्टॅटिस्टिक्सवाल्यांशी. या मीटिंगा मला मनापासून आवडतात, कारण डॉक्टर सहज बोलून जातात की या बाईंना पाळीच्या आधी त्रास वाढतो, किंवा हे गृहस्थ बेकरीत कामाला आहेत, आणि टेबलमधल्या एका विचित्र कॉलमचा अर्थ एकदम लागतो.

दमा एकच आजार नाही असं तुम्ही सारखं म्हणता, ते काय?

या पेजवरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे, जरा निवांत वाचा.

बाहेरून सगळ्यांचं सारखंच दिसतं, धाप, छातीत घरघर, रात्रीचा खोकला. पण आत काय चाललंय ते वेगवेगळं असतं. मेपोलिझुमॅब नावाचं औषध घ्या. ते आयएल-५ ला अडवतं, आणि आयएल-५ म्हणजे इओसिनोफिल पेशींना जगवणारा निरोप. कागदावर एकदम पक्कं औषध. पण सरसकट दम्याच्या पेशंटना देऊन बघितलं तेव्हा, २००७ मध्ये छापलेल्या ट्रायलमध्ये, म्हणावा तसा फायदा दिसला नाही. कोणालाही वाटेल की औषध वाया गेलं. पण काही लोकांनी विचार केला की ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल आहेतच त्यांनाच देऊन बघू, आणि २००९ मध्ये दोन छोट्या ट्रायल आल्या ज्यात अशा निवडक पेशंटचे अटॅक कमी झाले. २०१५ मध्ये अमेरिकेत त्या औषधाला मंजुरी मिळाली. औषध तेच होतं, पेशंट निवडताना आत काय चाललंय ते बघितलं एवढाच फरक.

त्याच सुमारास, २००७ आणि २००९ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका ग्रुपने श्वासनलिकेच्या ब्रशमधल्या पेशींची जीन एक्स्प्रेशन, म्हणजे कुठला जीन किती चालू आहे ते, बघितली. पेरिओस्टिन, सीएलसीए१, सर्पिनबी२ असे तीन जीन दम्यात वर जातात असं दिसलं, पण सगळ्यांमध्ये नाही, साधारण निम्म्याच पेशंटमध्ये. उरलेल्या निम्म्यांमध्ये ते निरोगी माणसांसारखेच. आणि ज्यांच्यात ते वर होते त्यांना स्टिरॉइडचा पंप चांगला लागू पडला, बाकीच्यांना तितका नाही. या प्रकाराला आज टाइप-२ दमा म्हणतात. एका टेबलमधून, नीट प्रश्न विचारून, एका आजाराचे दोन भाग झाले. माझ्या कामाचं मोल मला कोणी विचारलं तर मी याच उदाहरणाकडे बोट दाखवते.

आता ओमालिझुमॅब, मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब, डुपिलुमॅब अशी औषधं आहेत, सगळी जास्त करून याच टाइप-२ च्या बाजूची. टेझेपेलुमॅब २०२१ च्या शेवटी आलं, ते टीएसएलपी नावाच्या निरोपाला अडवतं, श्वासनलिकेच्या अस्तरातून निघणारा, साखळीतला अगदी सुरुवातीचा निरोप, त्यामुळे थोड्या जास्त लोकांना लागू पडतं. पण ज्यांचा दमा टाइप-२ मध्ये बसत नाही त्यांच्यासाठी अजून फार कमी आहे, आणि त्यातले कित्येक पेशंट वर्षानुवर्षं स्टिरॉइडचा डोस वाढवत राहतात. मला याच लोकांसाठी काम करायचंय.

मग दम्याचा जीन कुठला? आमच्याकडे आजोबांपासून आहे.

एक जीन असं काही नाहीच. घराण्यात चालतो हे खरं, पण शेकडो ठिकाणचे बारीक बारीक बदल मिळून धोका थोडा वर-खाली होतो. २००७ मध्ये १७ व्या क्रोमोसोमवर १७क्यू२१ ही जागा सापडली, तिथे ओआरएमडीएल३ आणि जीएसडीएमबी हे जीन आहेत, आणि ती लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याशी जास्त जोडलेली आहे, मोठेपणी सुरू होणाऱ्याशी तितकी नाही. मी वर जे म्हटलं, की दमा एक नाही, ते इथेही दिसतं. आयएल-३३ आणि टीएसएलपी या जीनच्या जवळच्या जागाही आल्या, आणि टीएसएलपीवर तर आता औषधच आहे. सीडीएचआर३ नावाच्या जीनचं मला विशेष वाटतं, २०१४ मध्ये तो लहान मुलांच्या जोरदार अटॅकशी जोडला गेला आणि पुढच्याच वर्षी कळलं की सर्दीचा एक व्हायरस, रायनोव्हायरस-सी, त्याच प्रथिनाला धरून पेशीत घुसतो. म्हणजे जीन आणि सर्दी यांची गाठ नेमकी कुठे पडते ते दिसलं.

या शोधांना माणसं मात्र प्रचंड लागतात. २०१८ चा एक मोठा अभ्यास होता, त्यात २३,९४८ दम्याचे पेशंट आणि १,१८,५३८ इतर लोक, आणि एवढं करून हाती आल्या १८ जागा. कारण जीनोमभर लाखो जागा तपासताना योगायोगानेच कित्येक जागा वेगळ्या दिसतात, म्हणून नियम इतका कडक आहे की योगायोगाची शक्यता दोन कोटींत एकाहून कमी असली तरच ती जागा धरायची.

म्हणजे जीन टेस्ट करून बाळाला दमा होईल का ते कळेल?

नाही. कोणी पैसे घेऊन असं विकत असेल तर घेऊ नका.

इंदूर तर देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर, मग इथे दम्याचे पेशंट का?

स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून आपण सलग वर्षानुवर्षं पहिले आलो याचा मलाही अभिमान आहे, पण तो नंबर मुख्यतः कचऱ्याचा आहे. दम्याला भडकवणाऱ्या गोष्टी वेगळ्या, गादीतले धुळीचे किडे, परागकण, बुरशी, सिगारेट, उदबत्ती-धुपाचा धूर, दिवाळीचे फटाके, गाड्यांचा धूर, गव्हाची कापणी झाली की आसपासच्या शेतांत जाळतात ती नरवाई, आणि सगळ्यात मोठी म्हणजे साधी व्हायरसची सर्दी.

आणि माळव्याच्या माणसाला माहीत असायलाच हवी अशी एक गोष्ट आहे, सोयाबीनची. बार्सिलोनात १९८१ ते १९८७ या काळात अधूनमधून असं व्हायचं की एकाच दिवशी काही तासांत दम्याच्या जोरदार अटॅकचे खूप पेशंट इमर्जन्सीत यायचे, काही दगावलेसुद्धा. असे २६ दिवस. कारण कळेना. मग डॉक्टरांनी पेशंट कुठून आले ते नकाशावर मांडलं तर बरेचसे बंदराजवळचे, आणि बंदरात कुठल्या दिवशी कुठला माल उतरला त्याच्या नोंदींशी तारखा ताडून बघितल्या तर प्रत्येक वेळी सोयाबीन उतरवलं जात होतं! एका सायलोला धूळ अडवणारे फिल्टर नव्हते, त्यातून टरफलाची धूळ गावावर जायची. पेशंटच्या रक्तात सोयाबीनविरुद्धची आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीची अँटिबॉडी, सापडली, फिल्टर बसवले आणि ते अटॅकचे दिवस थांबले.

ही गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते, कारण यात सिक्वेन्सर नाही, क्लस्टर नाही, तारीख-वेळ-पत्ता नीट लिहिलेले दोन रजिस्टर आणि ते एकमेकांना जोडणारी माणसं आहेत. आणि दुसरं कारण, सोयाबीनची राष्ट्रीय रिसर्च इन्स्टिट्यूट आपल्या इंदूरमध्ये आहे, चारी बाजूंनी सोयाबीनची शेती, मंडीत पोती उतरवणारे हमाल आहेत, तेलाच्या कारखान्यांतले कामगार आहेत. त्यांच्या फुप्फुसांचं काय चाललंय हा प्रश्न इथल्या मुलांनी नाही विचारला तर कोण विचारणार?

गाईगुरांत वाढलेल्या मुलांना दमा होत नाही म्हणतात, खरंय?

पूर्ण असं नाही, पण त्यात तथ्य आहे. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन समाज आहेत, वंशाने जवळजवळ सारखे, राहणीही बरीचशी सारखी, पण आमिश लोक घरालगतच गाई पाळून जुन्या पद्धतीने शेती करतात आणि हटराइट मोठी यांत्रिक शेती करतात. मुलांमध्ये दमा आमिशांत ५.२ टक्के, हटराइटांत २१.३ टक्के. २०१६ मध्ये दोन्हीकडच्या ३०-३० मुलांचा अभ्यास छापून आला, रक्तातल्या पेशींची जीन एक्स्प्रेशन वेगळी निघाली, घरातल्या धुळीतले जंतूंचे अंश वेगळे निघाले, आणि आमिश घरातली धूळ उंदरांना हुंगवली तर त्यांना दम्यासारखा त्रास कमी झाला. याचा अर्थ मुलाला धुळीत बसवा असा अजिबात नाही, ज्याला आधीच दमा आहे त्याला तर धूळ त्रासच देणार.

यासाठी शिकायचं काय? बारावीत बायो घेतलंय, गणित नाही.

दोन्ही रस्त्यांनी लोक येतात. बायोटेक, मायक्रोबायोलॉजी, फार्मसी, एमबीबीएस करून येतात आणि कॉम्प्युटर सायन्स करूनही येतात. इंदूरमध्ये होळकर कॉलेज आहे, डीएव्हीव्हीचं बायोटेक्नॉलॉजीचं डिपार्टमेंट आहे, आयआयटी इंदूरमध्ये बायोसायन्सेस अँड बायोमेडिकल इंजिनिअरिंग आहे. डीबीटीच्या (केंद्राच्या बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या) मदतीने चालणाऱ्या एमएस्सीच्या सीटसाठी जीएटी-बी ही परीक्षा, पुढे पीएचडीसाठी नेट-जेआरएफ किंवा गेट. बाहेर जायचं तर पुण्याला विद्यापीठाचं बायोइन्फॉर्मेटिक्स सेंटर जुनं आणि चांगलं आहे, आणि दिल्लीच्या आयजीआयबी या जीनोम रिसर्चच्या संस्थेत श्वसनाच्या आजारांवर काम चालतं.

गणित घाबरण्याइतकं नाही लागत, पण स्टॅटिस्टिक्स लागतं आणि त्याला पर्याय नाही. लिनियर मॉडेल, मल्टिपल टेस्टिंग, कन्फाउंडिंग, बॅच इफेक्ट, हे चार विषय हाडात मुरले पाहिजेत. बॅच इफेक्ट म्हणजे समजा सगळे पेशंट सोमवारी सिक्वेन्स केले आणि सगळे निरोगी लोक गुरुवारी, तर आता दिसणारा फरक आजाराचा की वाराचा हे जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, ते सॅम्पल लावतानाच मिसळून लावायला हवे होते. त्यानंतर लिनक्स, आर, थोडं पायथन, गिट. आणि कॉम्प्युटरवाल्यांना माझी कळकळीची विनंती, इम्युनॉलॉजीचं एक पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा, मधूनमधून नको.

लॅपटॉप कुठला घेऊ?

१६ जीबी रॅम असेल तर शिकायला पुरे. माणसाच्या जीनोमवर तुकडे जुळवणारं स्टार हे सॉफ्टवेअर चालवायला ३० जीबीच्या आसपास मेमरी लागते, ते घरच्या लॅपटॉपवर नाही होणार, पण सॅमन हे दुसरं सॉफ्टवेअर फार कमी मेमरीत चालतं, आणि गॅलेक्सी नावाचं फुकट वेब प्लॅटफॉर्म आहे, ब्राउजरमधून दुसऱ्यांच्या सर्व्हरवर काम होतं. महागड्या लॅपटॉपसाठी बाबांच्या मागे लागू नका.

घरबसल्या सुरुवात कुठून करू?

इथे एक आनंदाची गोष्ट सांगते. आरएनए-सिक्वेन्सिंग शिकताना जगभरचे विद्यार्थी बायोकंडक्टरमधला (आरसाठीच्या फुकट बायोइन्फॉर्मेटिक्स पॅकेजांचा संग्रह) जो डेटा वापरतात त्याचं नावच एअरवे आहे, आणि तो दम्याच्या रिसर्चमधलाच आहे, २०१४ चा. चार माणसांच्या श्वासनलिकेच्या स्नायूपेशी, प्रत्येकाच्या डेक्सामिथासोन हे स्टिरॉइड दिलेल्या आणि न दिलेल्या, म्हणजे आठच सॅम्पल. डीसेक२ या आरच्या पॅकेजने त्याचं विश्लेषण करा, तासाभरात होतं. मग वर येणाऱ्या जीनमध्ये पीईआर१ आणि टीएससी२२डी३ शोधा, मी वर स्टिरॉइडचे म्हणून सांगितले ते. सीआरआयएसपीएलडी२ पण बघा, मूळ अभ्यासाचा नवा शोध तोच होता. एकाच माणसाच्या दोन सॅम्पलची जोडी आहे हे मॉडेलमध्ये टाकून आणि न टाकता असं दोन्ही करा आणि निकाल किती बदलतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, पुस्तकातलं प्रकरण वाचून जे कळत नाही ते इथे कळतं.

त्यानंतर जीईओ या जीन-डेटाच्या खुल्या साठ्यात जीएसई४३०२ उघडा, तो वर सांगितलेला सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रशवाला डेटा आहे, सगळ्यांसाठी खुला. पेरिओस्टिनचा ग्राफ काढा, दम्याचे पेशंट दोन गटांत फुटताना दिसतायत का बघा. एवढं करून, कोड नीट लिहून, कशावर किती भरवसा ठेवता येईल हेही प्रामाणिकपणे लिहिलंत तर माझ्या दृष्टीने तो दहा सर्टिफिकेटांपेक्षा चांगला प्रोजेक्ट आहे.

पगार? नोकरी इंदूरमध्ये मिळेल?

पीएचडीच्या फेलोशिपमध्ये जेआरएफला (ज्युनिअर) २०२३ पासून महिन्याला ३७,००० आणि एसआरएफला (सीनिअर) ४२,०००, वर घरभाडं. कधीकधी पैसे उशिरा येतात, घरच्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा. पीएचडीनंतर कंपनीत जास्त मिळतं, सरकारी संस्थेत जागा कमी आणि स्पर्धा खूप. इंदूरमध्ये थेट या विषयातल्या नोकऱ्या कमीच आहेत, पुणे, बंगलोर, हैदराबाद, दिल्ली इकडे जास्त. पण अनुभव आला की विश्लेषणाचं काम लांबूनही करता येतं, मी इथूनच करते. एक अट मात्र असते, पेशंटचा जेनेटिक डेटा सहसा स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवता येत नाही, परवानगी घेऊन ठरलेल्या सर्व्हरवरच काम करायचं असतं, आणि तो नियम काटेकोर पाळायचा.

एआय आलं, आता या फील्डमध्ये काही उरलंय का?

कोड लिहायला एआयची छान मदत होते, मीही घेते. पण यादीत पुरुष लिहिलेलं सॅम्पल बाईचं निघालं तर कुणाला फोन करायचा, पेशंटने आदल्या दिवशी स्टिरॉइडची गोळी घेतली होती का, हे विचारायला माणूस लागतो. शिका बिनधास्त.

भारतातल्या लोकांचा डेटा आहे का? की सगळं तिकडचंच?

बराचसा तिकडचाच. २०१९ च्या एका हिशेबाप्रमाणे अशा जीनोमच्या अभ्यासांत भाग घेणाऱ्यांपैकी ७८ टक्के लोक युरोपियन वंशाचे होते. आणि आपल्याकडे दम्याचे पेशंट साडेतीन कोटींच्या घरात. तिकडच्या आकड्यांवरून बनवलेले जेनेटिक स्कोअर आपल्या लोकांवर तितके नीट चालत नाहीत, त्यामुळे ही नुसती न्याय-अन्यायाची गोष्ट नाही, सरळ उपयोगाची आहे.

आता बदलतंय. इंडिजेन या प्रकल्पात १,०२९ निरोगी भारतीयांचे जीनोम आहेत. जीनोमइंडियात १० हजार, आणि २०२५ च्या जानेवारीत तो डेटा फरीदाबादच्या इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटरमधून रिसर्चसाठी खुला करायची घोषणा झाली. पण हे सगळे सर्वसाधारण लोक. फुप्फुसाचा मोठा सिंगल-सेल (एकेका पेशीचा) नकाशा २०२३ मध्ये आला, ४८६ माणसांच्या २४ लाख पेशी, त्यातही आपल्यासारखे लोक थोडेच. भारतीय दम्याच्या पेशंटच्या श्वासनलिकेतल्या पेशींचा असा मोठा संच मला हवाय. चुलीच्या धुरात तीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईचा दमा आणि लंडनमधल्या बाईचा दमा आतून सारखाच असेल, असं मी तरी बघितल्याशिवाय मानणार नाही.

पंपाची सवय लागते का हो? आणि शरद पौर्णिमेच्या खिरीचं काय?

पंपाची सवय लागत नाही. आजार राहतो म्हणून औषध राहतं, चष्म्यासारखंच. पंपातलं स्टिरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट फुप्फुसात जातं. उलट फक्त आराम देणारा निळा पंप ओढत राहणं आणि आतली सूज कमी करणारं औषध टाळणं हेच धोक्याचं, २०१९ पासून जीना या जागतिक गाइडलाइनने मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसता आराम देणारा पंप देणं बंद करायला सांगितलंय. कोजागिरीला आपल्याकडे ठिकठिकाणी दम्याची औषधी खीर वाटतात, श्रद्धेने घ्यायची तर घ्या, पण आत काय घातलंय ते विचारा, आणि त्या रात्री किंवा त्यानंतर पंप बंद करू नका. जागरण आणि ऑक्टोबरची गार हवा, त्यात पंप बंद, असं करून माणसं पहाटे इमर्जन्सीत पोचतात.

आमच्या घरी पेशंट आहे, रिसर्चमध्ये भाग घेता येईल का?

येईल, आणि तुम्ही विचारलंत याचंच मला किती बरं वाटलं. क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री ऑफ इंडियाच्या साइटवर अस्थमा टाकून शोधा, कुठल्या शहरात कुठला अभ्यास चालू आहे ते दिसतं, किंवा तुमच्या डॉक्टरांना मेडिकल कॉलेजमध्ये विचारायला सांगा. सही करण्याआधी विचारा की नेमकं सॅम्पल काय घेणार, ब्रॉन्कोस्कोपी आहे की नुसता नाकाचा ब्रश, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, डेटा कुठे ठेवणार आणि कोणाला देणार, तुमचं नाव काढून टाकणार का, आणि मध्येच नको वाटलं तर बाहेर पडता येईल का. शेवटच्याचं उत्तर हो असलंच पाहिजे, आणि नाही म्हटलं म्हणून तुमचे उपचार थांबता कामा नयेत. संमतीपत्र मराठीत किंवा हिंदीत मागून घ्या, वाचायला वेळ मागा, घरी घेऊन जा. आणि सॅम्पल देताना रोजची सगळी औषधं, काढे आणि चूर्णंसुद्धा, डोस आणि वेळेसकट लिहून द्या. कधी चुकवली असतील तर तेही तसंच लिहा, कोणी रागावणार नाही.